अॅब्लेशनला जाताय ना, मग भुलीचं आधी समजून घ्या

छातीमा धडधड व्हई राहिनी असं म्हणत आपल्याकडचा माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो, तिथून जळगाव नाहीतर धुळ्याला ईसीजी, होल्टर म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं मशीन, आणि मग कोणीतरी चिठ्ठी लिहून देतं की आता अॅब्लेशन करून घ्या, म्हणजे नाशिक, संभाजीनगर, पुणे, मुंबई, नंदुरबारकडचा असेल तर सुरत. अॅब्लेशन म्हणजे जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेऊन जिथून चुकीचा करंट फिरतोय ती जागा जाळायची नाहीतर गोठवायची. छाती उघडत नाहीत. एवढं ऐकून घरचे जरा शांत होतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, पूर्ण झोपवतील ना हो?

मी पण हेच विचारलं होतं. उत्तर आलं, नाही, तुम्हाला बऱ्यापैकी जागंच ठेवणार. माझी तर फाटलीच. दोन वर्षांनी आप्पांचं, म्हणजे वडिलांचं झालं, त्यांना पूर्ण भूल, घशात नळी, सगळं, आणि त्यांना नेमकं तेच नको होतं, ते म्हणत होते मला जागं ठेवा, मी बघतो काय करतात ते. मग मामी, मग मावसभाऊ. चार माणसं, चार तऱ्हा. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की झोप किती द्यायची हे आपल्या भीतीवर ठरत नाही, कुठला रिदम, म्हणजे ठोक्यांचा कुठला बिघाड पकडायचाय त्यावर ठरतं, आणि नंतर तुमचं तोंड, मान, घोरणं आणि पोट यांच्यावर. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १. रिदमचं नाव कागदावर लिहून घ्या

"ठोके चुकतात" एवढ्यावर घरी येऊ नका. नाव विचारा, स्पेलिंगसकट लिहून घ्या.

एसव्हीटी असेल, म्हणजे एकदम बटण दाबल्यासारखी धडधड सुरू आणि तशीच एकदम बंद, तर बहुतेक हलकी झोपच मिळेल. कारण असं की आत गेल्यावर डॉक्टर मुद्दाम तोच धडधडीचा झटका आणतात. हो, मुद्दाम. वायरीतून बारीक करंट देऊन, गरज पडली तर इसोप्रेनालिन नावाचं औषध चालू करून हृदय पळवतात, झटका आला की रस्ता दिसतो, रस्ता दिसला की तो जाळता येतो. आता झोपेचं औषध जास्त झालं तर कधीकधी झटका येतच नाही, मग टेबलावर सगळे नुसते स्क्रीनकडे बघत बसतात. चोर पकडायला गेलात आणि चोर पण झोपला, असा प्रकार.

माझं तेच होतं, एव्हीएनआरटी. त्यात जाळायची जागा एव्ही नोडच्या अगदी शेजारी असते, म्हणजे हृदयाच्या मेन वायरिंगला खेटून. जाळताना कोणीतरी कानाशी येऊन सांगतं, आता खोल श्वास घेऊ नका, खोकू नका, हलू नका. नळी सरकून नोडला धक्का लागला तर पेसमेकरची पाळी येऊ शकते. तसं क्वचितच होतं, पण सांगितलेलं ऐकायला माणूस शुद्धीवर असलेला बरा. अर्धवट झोपेत बरळत हलणारा पेशंट हा सगळ्यात वाईट, ना धड जागा ना धड झोपलेला.

मामीचं वेगळं, तिचे मधेच येणारे जादा ठोके होते, पीव्हीसी. हे ठोके कुठून निघतात ते शोधायला ते ठोके पडायला तर पाहिजेत, आणि झोपेच्या औषधाने ते गायब होऊ शकतात. म्हणून तिला सुरुवातीला जांघेत बधिर करायचं इंजेक्शन सोडून जवळजवळ काहीच दिलं नाही. जागा सापडल्यावर मग थोडं दिलं. ती आत विठ्ठल विठ्ठल करत पडली होती आणि बाहेर मामा आमच्यावर चिडत होते की पैसे भरून पण भूल देत नाहीत.

फ्लटर म्हणजे वरच्या कप्प्यातली एकसारखी वेगाने फिरणारी धडधड, ती नेहमीच्या प्रकारातली असेल तर काम उजव्या बाजूलाच असतं, पुष्कळदा मध्यम झोपेत होऊन जातं. व्हीटी म्हणजे खालच्या कप्प्यातली धडधड, ती गंभीर, तिथे बीपी कधी पडेल सांगता येत नाही, तिथे हलकी का पूर्ण हे टीमच ठरवते, त्यात आपण बोलण्यासारखं फार नाही.

आणि मग एएफ, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची बेताल थरथर. वयस्कर माणसात हाच जास्त. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की हा गोंधळ बहुतेक वेळा फुफ्फुसाकडून येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी सुरू होतो, तेव्हापासून त्या शिरांभोवती रिंगण घालून त्यांना वेगळं पाडणं हे एएफ अॅब्लेशनचं मुख्य काम. इथे झटका आणून बघायची तेवढी गरज नसते पण काम लांबतं, डाव्या कप्प्यात जायला मधल्या पडद्याला छोटं भोक पाडावं लागतं, आणि कॉम्प्युटरवर हृदयाचा थ्रीडी नकाशा बनवलेला असतो. तुम्ही कूस बदललीत की नकाशा एकीकडे आणि हृदय दुसरीकडे. श्वासाने सुद्धा नळी हलते, म्हणून पूर्ण भूल देऊन व्हेंटिलेटरवर छोटे छोटे एकसारखे श्वास दिले तर डॉक्टरला हात स्थिर ठेवायला सोपं जातं. शिवाय हृदयाच्या मागेच अन्ननलिका असते, ती तापतेय का बघायला घशातून टेंपरेचरची वायर टाकतात, आणि आत गुठळी नाही ना हे बघायला काही ठिकाणी घशातून सोनोग्राफी पण तेव्हाच उरकतात. हे सगळं जाग्या माणसाच्या घशातून म्हणजे शिक्षाच.

एएफमध्ये मशीन कुठलं तेही विचारा. उष्णतेने जाळणार असतील तर काम दोन-चार तास चालतं. क्रायो बलून म्हणजे गोठवणारा फुगा असेल तर शीर एका वेळी तीन-चार मिनिटं गोठवतात, जाग्या माणसाचं डोकं कुल्फीचा मोठा घास घेतल्यावर ठणकतं तसं ठणकू शकतं. त्यात एक गंमत आहे, उजव्या बाजूला गोठवताना छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची नस शाबूत आहे का हे बघायला तिला करंट देऊन उचकीसारखे झटके आणतात, ते झटके दिसायला पाहिजेत म्हणून पूर्ण भूल असली तरी त्या वेळी स्नायू सैल करायचं औषध चालत नाही. आणि आता नवीन पीएफए म्हणजे पल्स्ड फील्ड अॅब्लेशन आलंय, अमेरिकेच्या एफडीएने त्याच्या पहिल्या मशीनला डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, त्यात विजेचे अतिशय छोटे ठोके देतात, काम लवकर आटपतं पण अंग दचकतं, खोकला येतो, म्हणून तिथे गाढ झोप नाहीतर पूर्ण भूलच बरी पडते.

पायरी २. झोपेच्या चार पातळ्या ओळखा

डॉक्टर घाईत "सेडेशन देऊ" म्हणतात. आपण विचारायचं, कुठलं?

सगळ्यात खाली नुसती त्या जागेपुरती भूल, जांघेत लिग्नोकेन हे बधिर करायचं इंजेक्शन. टोचताना चरचरतं, मग नुसतं दाबल्यासारखं वाटतं. हृदयात नळी फिरते ते फारसं कळत नाही, हे मला सांगितलं होतं तेव्हा पटलं नव्हतं पण खरं निघालं.

त्यावर मध्यम झोप. मिडाझोलाम आणि फेंटानिल ही नेहमीची जोडी, एक भीती घालवतं एक दुखणं. श्वास आपला आपणच घेतो, हाक मारली तर ओ देतो. मला हेच दिलं होतं. मी बाहेर येऊन बायकोला सांगत होतो की मी पूर्णवेळ गप्प पडून होतो, आणि सिस्टर हसत होत्या, कारण मी म्हणे अर्धा तास रावेरच्या केळीचा भाव आणि यंदाची थंडी यावर भाषण देत होतो. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मिडाझोलाम आठवणच पुसतं, त्यामुळे "मी सगळं जागेपणी बघितलं" असं सांगणाऱ्या पाहुण्यांवर फार विश्वास ठेवू नका, आणि "मला काहीच दिलं नव्हतं" म्हणणाऱ्यांवर तर अजिबात नको.

त्यावर गाढ झोप, इथे प्रोपोफोल येतं, दुधासारखं पांढरं इंजेक्शन. हाकेला ओ देत नाही, जोरात हलवलं तरच जाग. श्वास मंदावू शकतो, बीपी पडू शकतं, म्हणून इथे श्वासाकडे बघायला वेगळा ट्रेन झालेला माणूस पाहिजेच, जो नळी फिरवतोय त्यानेच झोप पण सांभाळायची असं चालत नाही. मिडाझोलाम आणि फेंटानिलचा असर उतरवायला उताऱ्याची औषधं आहेत, फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन. प्रोपोफोलला तसं उताऱ्याचं औषध नाही, पंप बंद केला की काही मिनिटांत आपोआप उतरतं एवढंच. डेक्समेडेटोमिडिन म्हणून अजून एक आहे, श्वास फारसा दाबत नाही पण ठोके हळू करतं, त्यामुळे जिथे धडधड आणून बघायचीय तिथे ते आडवं येऊ शकतं.

सगळ्यात वर पूर्ण भूल, घशात नळी आणि व्हेंटिलेटर. लोकांना वाटतं ही सगळ्यात धोक्याची. आप्पांच्या बाबतीत भूलतज्ज्ञांनी उलटं सांगितलं, ते म्हणाले यांच्यासारख्या माणसाला अर्धवट झोपेत घुसमटत ठेवण्यापेक्षा श्वासाची नळी माझ्या ताब्यात असलेली मला जास्त सेफ वाटते. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ३. भूल देणाऱ्या डॉक्टरला खरं सांगा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्याकडे इथेच सगळे खोटं बोलतात.

मावसभाऊ गुटखा खातो. वीस वर्षं. फॉर्मवर "व्यसन नाही" लिहिलं, कारण सोबत सासरे होते. भूलतज्ज्ञ बाई आल्या, म्हणाल्या तोंड उघडा, आणि ह्याचं तोंड दोन बोटं पण धड उघडेना. गुटखा-सुपारीने तोंडातली कातडी आतून आखडते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तोंडच उघडत नसेल तर गरज पडल्यावर घशात नळी घालणार कुठून? साधारण आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत, घरीच आरशासमोर करून बघा, आत्ता करा. त्याची केस त्या दिवशी रद्द झाली, गाडीभाडं, लॉज, सगळं पाण्यात. पुढच्या वेळी नाकातून दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवून मग केलं. आधीच सांगितलं असतं तर पहिल्याच फेरीत झालं असतं. सासऱ्यांना तसंही माहीत होतं हो, पुडीचा वास काय लपतो का.

मग घोरणं. आप्पांचं घोरणं गल्लीपर्यंत ऐकू जातं, पण विचारलं तर "मी कुठे घोरतो". हे पेशंटला नाही, जो बाजूच्या खाटेवर झोपतो त्याला विचारायचं. माय म्हणाली, मधेच श्वास थांबतो हो यांचा, मग एकदम दचकून घेतात, मी तर मोजत बसते. म्हणजे स्लीप अॅप्निया. एएफवाल्यांमध्ये हा पुष्कळ सापडतो आणि झोपेच्या औषधाने असल्या माणसाचा घसा अजून बंद होतो, अर्धवट सेडेशनमध्ये हेच लोक जास्त त्रास देतात. म्हणून आप्पांना पूर्ण भूल. सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं, असेल तर बॅगेत टाकून न्या, नंतर वॉर्डात लागतं.

दारू. रोज घेणाऱ्याला मिडाझोलाम नेहमीच्या डोसने पुरत नाही, उलट काही जण भलतेच खवळतात. किती आणि शेवटची कधी, दोन्ही सांगा, आणि बायकोमुलांसमोर लाज वाटत असेल तर डॉक्टरला सांगा की यांना दोन मिनिटं बाहेर पाठवा. ते पाठवतात.

हलणारे दात, कवळी, आधीच्या ऑपरेशनला भुलीचा काही त्रास, घरात कोणाला भुलीत काही झालं असेल तर ते, पाठदुखी इतकी की सरळ झोपताच येत नाही, आडवं पडल्यावर दम लागतो, हे सगळं बोला. दोन-तीन तास उताणं पडणं ज्याला शक्यच नाही त्याचा विचार वेगळा करतात.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या, नुसती नावं नको. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, पुष्कळ ठिकाणी ती चालूच ठेवून अॅब्लेशन करतात. याउलट रिदमच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात, त्या किती दिवस ते डॉक्टर लिहून देतील. शुगरवाल्यांनी दोन गोष्टी मुद्दाम विचारायच्या, एक म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या, त्या उपाशीपोटी अंगात आम्ल वाढवू शकतात म्हणून साधारण तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, आणि दुसरं सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन, त्याने पोट हळू रिकामं होतं, म्हणजे तुम्ही उपाशी आहात पण जेवण अजून आतच आहे. गावातल्या डॉक्टरने दिलेलं असतं, शहरातल्याला माहीत नसतं, मधे तुम्हीच.

पायरी ४. पोट रिकामं म्हणजे रिकामं

नेहमीचा नियम असा, हलकं जेवण ६ तास आधी बंद, तेलकट-तुपकट ८ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या हॉस्पिटलने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून हा आग्रह.

आता आपली अडचण. केळं म्हणजे आपल्याला खाणं वाटतच नाही, उपासाला चालतं म्हणजे उपाशीपोटी पण चालणार. नाही. केळं म्हणजे जेवण. साबुदाणा म्हणजे जेवण. आणि घोटभर चहा, त्यात दूध असतं, दूध पोटात गेलं की ते पण सहा तासांच्या हिशोबात धरतात. रात्रीच्या गाडीने निघणार असाल तर भुसावळला गाडीत बसायच्या आधीच जेवून घ्या, डब्यातलं भरीत-पुरी आणि शेवभाजी परतीला ठेवा, म्हणजे नातेवाईकांना ठेवा. खरं तर आदल्या दिवशीच जाऊन राहिलेलं बरं, सकाळी पोचून दुपारी टेबलावर असलं काही करू नका.

चुकून खाल्लंच तर सांगून टाका. चार तास उशीर होईल, नाहीतर उद्यावर जाईल, बस.

पायरी ५. त्या दिवशी

सही करायच्या कागदांमध्ये भुलीचा कागद वेगळा असतो, तो वाचा, आणि तीन प्रश्न विचारा, कुठली पातळी, कोण देणार, आणि मधे गरज पडली तर हलक्यावरून पूर्णवर जाणार का. भुलीचा चार्ज पॅकेजमध्ये आहे का वेगळा हेही तेव्हाच विचारा. महात्मा फुले योजनेत करणार असाल तर आरोग्यमित्राकडे हे आधीच बसून नीट करून घ्या, टेबलावर जायच्या सकाळी नाही.

छातीचे आणि दोन्ही जांघांचे केस काढतात. करदोडा काढायला लावतात, आप्पांनी यावरून अर्धा तास वाद घातला, शेवटी मायनेच सोडून पदरात बांधला. माळ, जोडवी, अंगठ्या, कवळी सगळं घरच्यांकडे.

कॅथ लॅब, म्हणजे जिथे हे सगळं करतात ती खोली, थंडगार असते, आपल्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला तर स्वर्गच वाटतो पाच मिनिटं, मग दात वाजतात. ब्लँकेट मागा. पाठीवर-छातीवर मोठमोठे चिकट पॅच, नाकाशी ऑक्सिजनची नळी, तिच्यातूनच तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतात, श्वास मंदावला की बोटावरच्या क्लिपच्या आधी तिथे कळतं. हात हलकेच बांधतात, ते शिक्षा म्हणून नाही, झोपेत हात जाऊन जांघेतली जागा खराब होऊ नये म्हणून.

जागे असाल तर एकच लक्षात ठेवा, दुखलं तर तोंडाने सांगा, अंगाने नाही. जाळताना छातीत गरम, दाबल्यासारखं, कधी खांद्यात कळ असं होऊ शकतं. "दुखतंय" म्हटलं की ते थांबतात, फेंटानिल वाढवतात. मर्दानगी दाखवायची ही जागा नाही. आणि धडधड सुरू झाली तर घाबरू नका, ती त्यांनीच सुरू केलीय आणि बंद पण तेच करणार.

पायरी ६. नंतर

चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणं. लघवी पलंगावरच, हे सगळ्यात अवघड जातं सांगून ठेवतो, लघवीची नळी नसेल घातली तर आदल्या रात्री भांड्यात करायची प्रॅक्टिस करा, हसू नका. नळीच्या भुलीनंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, आवाज बसतो. मळमळ वाटली तर मान एका बाजूला करा, डोकं उचलून बसायला जाऊ नका, जांघेवर ताण येतो.

२४ तास मोटरसायकल, ट्रॅक्टर काही चालवायचं नाही, आणि कुठल्याही कागदावर सही नाही. हे नंतरचं मी गंमत समजायचो, पण मला स्वतःलाच डिस्चार्जचं बोलणं अर्धं आठवत नव्हतं, म्हणून गोळ्या समजून घ्यायला सोबत शुद्धीतला माणूस पाहिजे. परतीचा चार-पाच तासांचा प्रवास असेल तर मधे गाडी थांबवून थोडं चाला, रेल्वे असेल तर खालचा बर्थ. जांघेतून रक्त आलं किंवा गोळा सुजायला लागला तर आडवं पडून बोटांनी जोरात दाबून धरा आणि जवळच्या दवाखान्यात.

एएफवाल्यांसाठी अजून एक, हे भुलीचं नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरी आल्यावर दोन-चार आठवड्यांनी ताप, थंडी, गिळताना दुखणं, बोलण्यात जडपणा, एका बाजूला कमजोरी असं काही झालं तर "व्हायरल असेल" म्हणून गावात सलाईन लावून बसू नका. अन्ननलिका आणि हृदयामध्ये भोक पडल्याची ती खूण असू शकते, फार क्वचित होतं, दोन महिन्यांपर्यंतही होऊ शकतं. अशा वेळी घशातून एंडोस्कोपी करू द्यायची नाही, आधी सीटी स्कॅन, आणि जिथे अॅब्लेशन झालं तिथे लगेच फोन. इथल्या डॉक्टरला स्वतःहून सांगा की माझं एएफचं अॅब्लेशन झालंय.

आणि निघताना डिस्चार्ज कार्डावर कुठली भूल दिली, नळी घालायला त्रास झाला का, कुठल्या औषधाने काही झालं का, हे लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी "अंडर सेडेशन" एवढंच लिहितात, तेव्हा विनंती करून नीट लिहायला लावा. मावसभावाचं पुढे धुळ्याला हर्नियाचं ऑपरेशन निघालं, त्याने फोटो दाखवला, "तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडते, दुर्बिणीने नळी". तिथल्या भूलतज्ज्ञाने तो वाचला, घशाकडे गेलेच नाहीत, कमरेतून भूल देऊन मोकळे झाले. या वेळी सोबत सासरे नव्हते, मी होतो, आणि फॉर्मवर गुटखा त्याने स्वतः लिहिला.